तोझलूचं शेवटचं कडवं

तुर्कस्तानातल्या एर्झुरूम गावच्या सिनेमागृहात दुपारी 'लोखंडी बोकड' या बँडचा कार्यक्रम होता आणि त्यांचा रुस्तेम पडद्याआड साझ जुळवत बसला होता. साझ जुनाच, लांब दांड्याचा, पण त्याच्या पोटात आवाज वाढवणारं गिटारचं पिकअप बसवलेलं. तार छेडली की खिडक्यांच्या काचा थरथरत. इस्तंबूलच्या पोरी त्या आवाजावर जीव टाकायच्या, आणि अलीकडे रुस्तेमही स्वतःवर जीव टाकू लागला होता.

तेवढ्यात दार ढकलून त्याचा उस्ताद आत आला, आशिक तोझलू. आशिक म्हणजे साझावर स्वतः रचलेली गाणी गाणारा तिकडचा शाहीर. याच म्हाताऱ्याच्या घरी राहून, त्याच्या मेंढ्या राखून रुस्तेम साझ शिकला. रोज धडा संपला की उस्तादाचा हात ओठांना लावायचा, मग कपाळाला. तशी रीतच होती. आज मात्र त्यानं नुसती मान हलवली. खोलीत एर्देन होता ना! खांद्यापर्यंत केस वाढवलेला, बँडचा गवई, बड्या बापाचा मुलगा. त्याच्यासमोर कसलं वाकायचं?

"कसे आलात उस्ताद?"

"दुधाच्या ट्रकमधून." म्हातारा उभाच राहिला. "लेका, एक सांग. 'बर्फाखालची वाट' तुम्ही रेडिओवर गाता. त्याचं शेवटचं कडवं कुठं सांडलं?"

रुस्तेम उगाच साझाची खुंटी पिळू लागला. आशिकाच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात त्याचं स्वतःचं नाव यायलाच हवं. नावापाशी साझ थांबतो, नाव मोकळं ऐकू येतं, मग गाणं पुढं जातं. गाणं कुणाचं हे लोकांना तेवढ्यावरूनच कळतं. रेकॉर्डवर गाणं मावेना तेव्हा नेमकं तेच कडवं कापलं गेलं. आणि कापा म्हणणारा एर्देन नव्हता, रुस्तेम होता. वेष्टनावर 'लोकगीत, कवी अज्ञात' असं छापून आलं, तेव्हाही हा पठ्ठ्या गप्प बसला.

"चहाच्या दुकानात तोंडावर हसतात रे," म्हातारा म्हणाला. "म्हणतात, तोझलू रेडिओवरची गाणी चोरतो. मीच चोर! गावची माणसं आलीत आज. मला दुसरं काही नको. एकदा त्यांच्यासमोर माझं नाव घेऊ दे."

एर्देनला गंमत वाटली. "येऊ दे की आजोबांना! टोपी काढू नका हं आजोबा, मस्त दिसतेय. शेवटी एक कडवं तुमचं."

म्हाताऱ्यानं रुस्तेमच्या खांद्यावर हात ठेवला. "नाव आलं की हात थांबव पोरा. तेवढंच."

"थांबवतो," रुस्तेम म्हणाला. वचन द्यायला काय जातंय?

गाणं सुरू झालं तसं थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. तिसरं कडवं संपलं, एर्देननं हात वर करून ढोलवाल्याला थोपवलं आणि म्हाताऱ्याला माइकपाशी आणलं.

तोझलू गायला लागला. आवाज चिरका, पण असा स्वच्छ की शेंगदाणे फोडणारे हातसुद्धा थांबले. बायका डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसू लागल्या. रुस्तेमच्या अंगावर काटा आला. हेच गाणं ऐकून तो घर सोडून या माणसाच्या मागे गेला होता. मग त्यानं समोर पाहिलं. सगळं थिएटर म्हाताऱ्याकडे बघत होतं, त्याच्याकडे एकही डोळा नव्हता. एर्देनसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

नावाची ओळ आली. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, श्वास घेतला.

रुस्तेमनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तारांवर हात आपटला. ढोलवाल्याला वाटलं इशारा झाला. ढोल कडाडले, लोक रेकॉर्डवरचा शेवट ओळखून उभे राहिले, ओरडू लागले, नाचू लागले. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. त्यानं नाव पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. पहिल्या रांगेतल्या गावकऱ्यांनाही ते ऐकू गेलं नाही. तेही टाळ्या वाजवत होते.

बाहेर व्हरांड्यात रुस्तेमभोवती गर्दी झाली. एका तरुण शिपायानं म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "वा आजोबा! या वयात रेडिओवरचं गाणं बरं उचललंत!"

"अहो, त्यांचा तो धंदाच आहे," गावचा एकजण म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

तोझलूनं रुस्तेमकडे पाहिलं. गाणं यांचंच आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अजूनही वेळ गेली नव्हती.

"हो," रुस्तेम हसत म्हणाला, "मेहनत घेतात बिचारे."

म्हातारा गर्दीतून पुढं आला. आता थोबाडीत बसणार म्हणून रुस्तेमनं डोळे मिटले. पण म्हाताऱ्यानं त्याचा उजवा हात धरला, तारा छेडणारा. वाकला, तो हात ओठांना लावला आणि मग कपाळाला.

"गाणं तुमचं, उस्ताद," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर पदरात घ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुस्तेम हात ओढू लागला. म्हाताऱ्यानं तो सोडला नाही. सगळ्यांचं पाहून होईपर्यंत तो तसाच वाकून राहिला.