शेकडा बारा: एका मचव्याची कैफियत

दाभोळच्या खाडीकाठी वाळूवर एका कुशीवर कललेलं जे लाकूड दिसतं, ते लाकूड नव्हे, मी आहे. मचवा. माझी डोलकाठी गेल्या वर्षी काढून नेली, सुकाणू त्याआधीच गेलं. भरतीचं पाणी आता माझ्यापर्यंत पोचत नाही. टेलिफोन मी जन्मात पाहिला नाही, पण मला इथं आणून टाकलं ते टेलिफोन कंपनीच्या चोवीस शेअरांनी. ते कसं, तेवढं सांगतो.

एकतीस साली जैनुद्दीन नाखव्यानं, माझ्या पहिल्या मालकानं, मला बांधून घेतलं. पाण्यात उतरवताना त्यानं फातेहा पढला आणि माझं सुकाणू धरणाऱ्या लवू तांडेलानं माझ्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नारळ फोडला. दोघांचंही मला लागू पडलं. सतरा वर्षं मी कौलं, सुपारी, नारळ घेऊन मुंबईला गेलो आणि प्रत्येक वेळी परत आलो.

आमच्या धंद्याची एक रीत होती. हंगाम संपला की खर्च वजा जाता उरलेल्या कमाईचे तीन वाटे पडत. एक तांडेल-खलाशांचा, एक नाखव्याचा आणि एक माझा. माझ्या वाट्यातून राळ यायची, फटीत ठासायला काथ्या यायचा, अंगाला चोळायला मुशी माशाचं तेल यायचं, नवं शीड यायचं. एखाद्या वर्षी कमाई कमी पडली तरी नाखवा म्हणायचा, "आधी त्याचं काढा. तो बोलत नाही म्हणून त्याचं खायचं काय?"

अठ्ठेचाळीस साली नाखवा तापानं गेला. मागे बायको साबेरा आणि चार वर्षांची रझिया. आणखी एकाचा भार तिच्यावर होता. नाखव्याचा थोरला भाऊ समुद्रात बुडाला होता. त्याचा मुलगा हमीद दूर अलीगढला शिकत होता. नाखव्यानंच त्याला धाडलं होतं. साबेरानं लवूला सांगितलं, "मचवा चालू ठेवा, लवूभाऊ. पोराची फी थांबता कामा नये."

फी थांबली नाही. ती माझ्या वाट्यातून गेली.

पहिल्या वर्षी मला तेल मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी काथ्या फक्त पुढच्या फटींना भरला. तिसऱ्या वर्षी किडा माझ्या तळात शिरला. चौथ्या वर्षी मुंबईपर्यंत दोन खलाशी सारखे पाणी उपसत होते. लवू सगळं बघत होता आणि गप्प होता. मी साबेराला दोष देत नाही. माझ्या फळ्यांवर एक मुलगा शिकत होता, याचा मला अभिमानच होता.

बावन्न साली हमीद बी.ए. होऊन आला. उंच, कृश, आणि बोलू लागला की थांबत नसे. आल्या दिवशी तो माझ्या मांडवात येऊन उभा राहिला. पावसाळ्यासाठी मला वर ओढून झावळ्यांनी शाकारलं होतं. साबेराच्या मागच्या पडवीपासून मी वीस पावलांवर होतो. माझ्या फळीवर हात ठेवून तो म्हणाला, "चाची, माझ्या बाबाला कबर नाही. या गावातल्या किती जणांना नाही! हा समुद्र आपल्याला पोसत नाही, आपण त्याला पोसतो. आता बास. विकून टाक याला."

"आणि खायचं काय? कागद?" साबेरा म्हणाली.

"कागदच! शेअर." त्यानं खिशातून दोन घड्या घातलेले कागद काढले. "पोस्टात टाकशील तर व्याज येईल, ते तू घेणार नाहीस."

"व्याज नको. त्यांनी जन्मभर घेतलं नाही."

"हे व्याज नव्हे, नफा आहे. कंपनीत तुझा वाटा. कंपनीला फायदा झाला तर तुला डिव्हिडंड, नाही झाला तर नाही. आणि धंदा कसला? माणसांनी माणसांशी बोलायचा. जग बोलायचं थांबेल काय, चाची?"

लवू तिथंच जाळं विणत बसला होता. "तुझ्यासारखे असले तर न्हाय थांबायचं," तो म्हणाला. साबेरा पदराआड हसली.

हमीदनं तिच्यापुढे दोन कंपन्या ठेवल्या. एक मुंबईची, टेलिफोनच्या तारा बनवणारी, शंभराला पाच रुपये देणारी. दुसरी किनारा टेलिफोन कंपनी, काठेवाडच्या जुन्या संस्थानी गावांत टेलिफोन चालवणारी. ती पंधरा वर्षं न चुकता शंभराला बारा देत आली होती. माझे दोन हजार चारशे येतील असा अंदाज होता. पाचानं हिशेब केला तर महिन्याला दहा रुपये. बारानं केला तर चोवीस.

"दहात दोघी जगत नाहीत," साबेरा म्हणाली.

"म्हणून तर बारा! तुला कुणाच्या मागल्या दारी उभं राहावं लागणार नाही. रझिया शाळेत जाईल."

लवूनं जाळं खाली ठेवलं. "बारा? येवढं वाटत्यात, तर ठेवत्यात काय? कंपनीत होडीचा वाटा काढत्यात की न्हाय?"

"लवूकाका, तारेला राळ लागत नाही."

"खारा वारा लोकंडाला खातो, बाबा. तार काय सोन्याची हाय?"

हमीद हसला. मग त्यानं माझ्या तळाकडे बोट दाखवलं. "आपल्याकडे होडीचा वाटा कधी चुकला? एकदा तरी? आणि तरी बघा याची दशा! किती घातलंत याच्यात, आणि अखेर हे. चाची, तूच सांग."

लवूनं साबेराकडे पाहिलं. मीही पाहिलं. चार वर्षं माझा वाटा निघाला नव्हता, हे त्या मांडवात आम्हा तिघांना ठाऊक होतं आणि ज्याला ठाऊक असायला हवं होतं त्याला नव्हतं. तिनं सांगायचं म्हणजे, पोरा, त्या वाट्यावर तू शिकलास, असंच सांगायला हवं होतं. ती खाली वाकली आणि शेजारी उभ्या रझियाच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "विका."

पलीकडच्या अंजनवेलच्या सुपारीच्या व्यापाऱ्यानं मला घेतलं. त्यानं माझ्या तळात सुरी खुपसून पाहिली आणि दोन हजार चारशेच्या वर एक रुपया दिला नाही. त्यातून किनारा कंपनीचे चोवीस शेअर आले.

त्रेपन्न साली डिव्हिडंड आला. चोपन्न सालीही आला. साबेराच्या दारात पोस्टमन थांबला की शेजारणी बाहेर यायच्या. रझियाला नवी पाटी मिळाली. हमीद गावच्या शाळेत शिकवू लागला होता आणि वाटेत भेटेल त्याला टेलिफोनचं सांगायचा. नवा मालक माझ्यावर काही घालत नव्हता. दोन हंगाम त्यानं मला पिळलं आणि इथं आणून टाकलं.

पंचावन्न साली डिव्हिडंड आला नाही. कंपनीचा परवाना संपला होता आणि सरकारनं टेलिफोन ताब्यात घेतले. हमीद मुंबईला जाऊन आला. जेट्टीवर उतरला तो घरी गेला नाही, माझ्या सावलीत येऊन बसला. लवू तिथं होताच.

"परवाना संपणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं, काका. पंधरा वर्षांत एक खांब बदलला नाही. बदलायला ठेवायचे पैसे, तेच आम्हाला वाटत होते. आम्ही नफा म्हणून खाल्ले. सरकार उभ्या मालाची किंमत देणार, आणि माल सगळा गंजलेला. शंभराचे अठरा येतील." त्यानं डोकं धरलं. "पण तुमच्या होडीला तर सगळं मिळत होतं. तीही कुजलीच ना? मग मी ओळखायचं कसं?"

लवूनं माझ्या कुजक्या तळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हिला मिळत न्हवतं. चार वर्सं न्हाय मिळालं. तुझ्या फीला गेलं."

हमीदनं माझ्या फळीतल्या फटीत बोटं घातली. कुजका भुसा त्याच्या तळहातावर आला. तो त्याकडे बघत राहिला. पुढच्या महिन्यात तो जहाजानं बहारीनला गेला. एक पत्र आलं. नंतर नाही.

अठराच्या हिशेबानं चारशे बत्तीस रुपये आले. त्यांवर साबेरा आणि रझियानं दोन पावसाळे काढले.

तुमच्यापैकी कुणी कधी मिळकतीसाठी कशात पैसा घालणार असेल, तर एवढंच मागतो. किती देतात ते शेवटी विचारा. आधी विचारा, जे देतं त्याच्यासाठी काय ठेवतात. आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं, कितीही प्रेम असलं तरी, गप्प बसू नये. उद्या करवतवाले येणार आहेत. त्यानंतर हे सांगायला मी नसेन.

आज सकाळी साबेरा आणि रझिया इथं आल्या. अंजनवेलला जाणारी होडी अजून लागली नव्हती. मला घेतलं त्याच व्यापाऱ्याच्या अंगणात सुपारी सोलायला साबेरा महिनाभर जाते आहे. आजपासून रझियाही. पोर तेरा वर्षांची झाली.

"बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही," साबेरा तिला शिकवत होती. "पाणी मागायचं नाही. देतील तेव्हा प्यायचं."

"आणि शाळेचं विचारलं तर?"

"सोडली म्हणायचं."

"नाव विचारलं तर?"

होडी काठाला लागली. साबेरानं चपला हातात घेतल्या.

"नाव सांग. नाखव्याची मुलगी म्हणून सांगू नकोस."