जुवावरची पेंडी

मित्रांनो, गोंदियाहून मुर्रीकडे येताना डाव्या हाताला चिंचेखाली जी जुनी रेंगी उभी दिसते ना, ती मी. रेंगी म्हणजे दोघातिघांनी बसून जायची हलकी बैलगाडी. धानाची पोती वाहणाऱ्या बंड्या माझ्या बहिणीच, पण त्यांची चाल जड आणि माझी चपळ. हे सांगताना मी मुळीच लाजत नाही, कारण ते खरे आहे.

माझा जन्म याच अंगणातला. मला घडवणारा रेवाराम वाढई, म्हणजे सुतार, मूळचा चिचगडच्या जंगलपट्टीतला. गोंदियाला रेल्वे आली, धानाचा व्यापार वाढला आणि बंड्यांना मागणी आली, तेव्हा तो इथे येऊन राहिला. माझ्या चाकांसाठी त्याने तिवसाचे लाकूड आणले आणि ते नीट वाळेपर्यंत त्याला हत्यार लावले नाही. लोहाराने लालभडक लोखंडी धाव चाकावर चढवून वर पाणी ओतले, तेव्हा चर्र आवाज झाला. तो माझा पहिला शब्द म्हणा.

मग मला जुंपून रेवाराम आपली नवरी आणायला गेला. तिचे नाव धनवंता. वाटभर तिने तोंड उघडले नाही. घर जवळ आले तशी हळूच म्हणाली, "उजवं चाक कुरकुरून रायलं जी." रेवाराम चाट पडला. इतक्या मेहनतीने गाडी केली आणि नव्या नवरीने पहिल्याच दिवशी खोट काढली. पण त्याने उतरून वंगण लावले, आणि घरात कोणाचे ऐकायचे हे त्याला त्याच दिवशी कळले.

पुढची वर्षे माझी मानाची होती. मी किती नवऱ्या सासरी पोचवल्या आणि किती आजारी माणसे दवाखान्यात नेली, त्याची गणती नाही. आमच्या दारापुढे रस्त्यालगत विकायच्या बंड्यांची रांग असे. विकायच्या बंडीच्या जुवाला तणसाची, म्हणजे धानाच्या काडाची, एक पेंडी बांधायची रीत होती. पेंडी दिसली की वाटसरूने समजायचे. गिऱ्हाईक स्वतःचे बैल आणी, बंडी जुंपून नाल्यापर्यंत नेऊन परत आणी, आणि मगच भावाचे बोलणे निघे. रांगेच्या टोकाला मी, पेंडीवाचून. येणारा प्रत्येक जण आधी मलाच मागे. रेवाराम हसून सांगे, "हे घरची होय. हिच्यासारखी बनवून देतो."

रेवाराम तापाने गेला. त्याचा धाकटा भाऊ बुधराम बंड्या करू लागला आणि विक्री धनवंताने हाती घेतली. ती हिमतीची बाई, धंदा तिने पडू दिला नाही. पण मला कोण जुंपणार? माझ्या साट्यात, म्हणजे बसायच्या चौकटीत, चिंचेचा पाला साचला. एका कोंबडीने तिथे अंडीही घातली. मला वाईट वाटले, पण निदान कोणीतरी माझ्यात बसले होते.

एका उन्हाळ्यात शेजारच्या चुन्नीलालच्या गोठ्याला आग लागली. पाण्याची गाडी धावत आली आणि आमच्याच बंड्यांच्या रांगेपाशी अडली. बंड्या बाजूला ओढेपर्यंत गोठा गेला. जनावरे वेळेवर सोडली म्हणून वाचली.

त्यानंतर गावाचा कारभार पाहणाऱ्या कमेटीने नियम केला. राहत्या घरापुढे रस्त्यालगत विक्रीच्या गाड्या उभ्या करायच्या नाहीत. घरच्या वापराची एकच गाडी पुढे चालेल. बाकीच्या आवारात मावतील तर ठेवा, नाहीतर बाजाराच्या मैदानात न्या. मैदानाच्या गर्दीत बंडी जुंपून पाहायची कुठे? आणि पाहिल्यावाचून घेणार कोण? आमचा धंदाच बसायची वेळ आली. मागचे अंगण लहान, दोन बंड्यांतच भरून जाणारे.

बुधराम म्हणाला, "वयनी, या जुन्या लाकडाले कायले जागा देता? हिले इकून टाकू. हिच्या जागी नवी बंडी घरची म्हनून उभी करू." धनवंता काही बोलली नाही. त्याने ते होकार समजून माझ्या जुवाला पेंडी बांधली. मित्रांनो, त्या पेंडीचे वजन ते काय, पण मी कधी माणसांच्या भाराने वाकले नाही ती त्या दिवशी वाकले.

दुसऱ्या सकाळी कमेटीचे टेकचंदजी स्वतःच्या छकड्यातून पाहणीला आले. माणूस सरळ होता. म्हणाले, "देखो बाई, मी धंदा बंद कराले नाही आलो. पण रास्ता खुला पायजे. मागं इतक्या गाड्या मावतील का?"

"मावतीन जी," धनवंता म्हणाली. मग बुधरामला हाक मारून तिने सांगितले, "भाऊजी, पावसाळ्यात करतो तसं करा."

पावसाळ्यात बंडीला काम नसते. तेव्हा आमच्याकडे चाके काढून वळचणीखाली भिंतीला टेकवतात आणि साटा उभा करून ठेवतात, म्हणजे लाकूड कुजत नाही. भर उन्हाळ्यात ही रीत कोणाला सुचली नव्हती. बुधरामने एकेका बंडीची चाके काढून ती मागे लावली. सगळ्या मावल्या, वर बैल फिरवायला जागा उरली. "गिऱ्हाईक आला का चाकं घालून देऊ," धनवंता म्हणाली. "चुन्नीलालचा गोठा माह्या डोयानं जळताना पायला. रस्त्यावर आता इकाची बंडी राहनार नाही."

टेकचंदजींनी मान डोलावली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "और ये? हिच्यावर तं पेंडी हाय. मग हेबी आत घ्या."

बुधराम खाली पाहू लागला. धनवंता माझ्यापाशी आली. तिने जुवावरची पेंडी ओढून काढली आणि टेकचंदजींच्या बैलापुढे धरली. बैलाने ती चावायला सुरुवात केली.

"हे इकाची नाही जी," ती म्हणाली. "यात बसून मी या घरी आली."

"तो फिर घर की गाडी है. राहू द्या," टेकचंदजी म्हणाले आणि निघाले.

धनवंता दिराकडे वळली. "भाऊजी, उजव्या चाकाले वंगन लावा." बुधरामने वंगणाचे नळकांडे आणले.

तेव्हापासून दारापुढे मी एकटीच. रस्त्याने जाणारा मला पाहतो, थांबतो आणि आत जाऊन बंडीची चौकशी करतो. परवा देश स्वतंत्र झाला तेव्हा गावातल्या पोरांनी माझ्यावर झेंडा लावला. म्हातारी धनवंता पुढे बसली आणि आम्ही मुर्रीभर फिरलो. चाक जराही कुरकुरले नाही.

मित्रांनो, आता मोटारी येत आहेत. उद्या तुमच्याही दारी काहीतरी चाकावरचे उभे असेल. ते दुसऱ्याच्या वाटेत उभे करू नका आणि आपल्या दारात कुजू देऊ नका. ते कधी कुरकुरले, तर आधी वंगण लावून पाहा. पेंडी बांधायची घाई करू नका.