सरावातली चिनी

दलेलसिंग सरांनी भतेरीच्या हनुवटीखालचा पट्टा करकचून ओढला आणि हेडगार्डवर टपली मारली.

"अंग मोकळं करून ये नुसतं. राजवंतीचा एकही डाव दाखवायचा नाही."

"मग लढू कशी, सर?"

"रोज लढतेस तशी. जा."

ताश्कंदच्या त्या हॉलमध्ये स्पर्धेआधी सगळ्या देशांचा एकत्र सराव चालला होता. अशा सरावात कुणीच आपला हुकमाचा पत्ता खाली टाकत नाही. सरांनी राजवंतीला कोपऱ्यात दोरीउड्या मारायला लावलं होतं आणि चिन्यांनी त्यांच्या तांग वेनलीला टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसवलं होतं. रिंगमध्ये पाठवल्या त्या दोघींच्या सरावाच्या पोरी. चिन्यांची पोर ठेंगणी होती, आखूड केसांची.

घंटा झाली. भतेरीनं उजवा पाय पुढे टाकला, डावखुऱ्यासारखी उभी राहिली, लांबून दोन ठोसे टाकले आणि झटकन मागे सरली. गेले आठ महिने रोहतकच्या शिबिरात ती रोज हेच करत आली होती. तांग वेनली डावखुरी, लांब हाताची. कधी चिडायची नाही, कधी आत शिरायची नाही. तिची सवय राजवंतीला व्हावी म्हणून सरांनी त्याच वजनगटातल्या दुसऱ्या नंबरच्या भतेरीला तांग वेनली करून टाकलं होतं. शिबिरातल्या पोरी तिला चिनीच म्हणत. "ए चिनी, तुला चूरमा वाढू की भाताची पेज?" असं मेसमध्ये कुणीतरी रोज विचारायचंच. घरी चौथी मुलगी झाली म्हणून आजीनं नाव ठेवलं होतं भतेरी, म्हणजे बास झाल्या आता. त्यापेक्षा चिनी काय वाईट, असं म्हणून तीही हसण्यावारी न्यायची.

समोरची पोर मात्र वेगळंच काही करत होती. रिंगमध्ये शिरताना तिनं ग्लोव्ह खाली टेकवून कपाळाला लावला होता, तेव्हाच भतेरीला नवल वाटलं होतं. आता ती पाय रोवून उभी होती, हनुवटी छातीशी, पुढचीला येऊ देत, वाट बघत. मग उजवा ठोसा आला, आणि ठोसा चुकल्यावर नाकानं जोरात सोडलेला तो श्वास. भतेरीला हसूच फुटलं. ही राजवंती होती! चिन्यांनीही आपल्या पोरीला आठ महिने हेच काम लावलं होतं. एक हरियाणवी चिनी झाली होती, एक चिनी हरियाणवी झाली होती, आणि दोघी इमानेइतबारे एकमेकींना ठोकत होत्या.

मग तिला ते दिसलं. उजवा ठोसा सोडायच्या आधी त्या पोरीचं डावं कोपर थोडं बाहेर जात होतं. एकदा गेलं, पुन्हा गेलं, दर वेळी गेलं. राजवंतीच्या अंगावर ते इतकं बारीक होतं की आठ महिन्यांत भतेरीच्या ध्यानात आलं नव्हतं. नकलेत ते ढळढळीत झालं होतं. म्हणजे चिन्यांना ते माहीत होतं. कोपर हललं की सटकायचं आणि डाव्यानं मारायचं, एवढंच तांग वेनलीला करायचं होतं.

दोन्ही बाजूंच्या प्रशिक्षकांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. चिनी प्रशिक्षिका ओरडत दोरांपाशी धावली, आणि इकडून सर.

"खाली उतर! अक्कल गहाण ठेवलीस का? त्यांच्यासमोर त्यांचीच पोर करून दाखवलीस! आपण काय शिकलोय ते सगळं कळलं त्यांना!"

"तुम्हीच म्हणालात, रोजच्यासारखी लढ."

सरांनी तिच्या हनुवटीखालचा पट्टा हिसकून सोडला. सगळा वेळ ते भतेरीकडेच बघत होते. कोपर त्यांना दिसलंच नव्हतं.

खोलीवर आल्यावर तिनं ते सांगायला हवं होतं. राजवंती पलंगावर बसून गावाकडून आणलेल्या डब्यातला लाडू नुसता हुंगत होती, कारण सकाळी वजन द्यायचं होतं. "हुंगल्यानं वजन वाढत नसेल ना गं?" असं तिनं विचारलं. भतेरी हसली, आणि सांगायचं तोंडाशी आलेलं गिळून बसली.

यंदा नियम असा होता की इथं फायनल गाठली की एशियाडचं तिकीट पक्कं, निवडीची ट्रायल माफ. फायनल हुकली तर रोहतकला पुन्हा ट्रायल. गेल्या दोन्ही ट्रायलींत राजवंतीनं तिला हरवलं होतं, दुसऱ्या खेपेला तर एकाच पंचाच्या कौलानं. भतेरी सव्विशीला पोचली होती आणि खालून विशीच्या पोरी वर येत होत्या. पुढची ट्रायल ही तिची शेवटचीच, हे तिलाही ठाऊक होतं आणि सरांनाही. राजवंतीची सेमीफायनल तांग वेनलीशी पडणार हे ड्रॉ लागला तेव्हाच कळलं होतं. भतेरीनं काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

ती गप्प बसली. पहिली लढत झाली, क्वार्टरफायनल झाली. राजवंती जिंकत होती आणि भतेरी टाळ्या वाजवत होती. चोरी थोडीच करतेय मी, ती स्वतःला सांगायची. पण जेवताना राजवंतीच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता. सर नेहमी म्हणायचे, "चिनी पोरी हिशेबानं लढतात, आपल्या पोटातून लढतात." हिशेब आपल्यालाही येतो की, तिला वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली.

सेमीफायनलच्या दिवशी राजवंतीनं पट्टी बांधायला हात पुढे केला. सरांची पट्टी आवळते म्हणून ती भतेरीकडूनच बांधून घ्यायची. हात गार पडला होता. आठ महिने या हाताचा मार खाल्ला, पण तो असा गार असतो हे भतेरीला कधी कळलं नव्हतं.

"बेबे," ती पट्टीकडे बघतच म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती राजवंतीला बेबेच म्हणायची. "उजवा सोडायच्या आधी तुझं डावं कोपर बाहेर जातं."

"कोण म्हणतं?"

"त्यांची ती आखूड केसांची. तुझी नक्कल करताना दाखवलं तिनं. तांगला ठाऊक असणार."

"ते तर पहिल्याच दिवशी झालं ना?"

"हो."

"आणि तू आज सांगतेस."

"हो."

राजवंतीनं बांधलेली मूठ वळवून पाहिली. ट्रायलचा नियम तिलाही पाठ होता. मग तिनं दुसरा हात पुढे केला.

"बांध. नीट बांध."

पहिला राउंड तांग वेनलीनं घेतला. दुसऱ्यात राजवंतीनं कोपर मुद्दाम बाहेर काढलं आणि उजवा सोडलाच नाही. तांग सवयीनं सटकली, ती सरळ राजवंतीच्या डाव्या ठोशावर जाऊन आदळली. त्यानंतर तांगला कोपरावर विश्वास ठेवावा की नाही हेच कळेना. तिचे मोजूनमापून पडणारे पाय पहिल्यांदाच अडखळले. तिसऱ्या राउंडमध्ये राजवंतीची भुवई फुटली, तरी ती जागची हलली नाही. तीन विरुद्ध दोन असा कौल राजवंतीच्या बाजूनं लागला. भतेरी बाकावर उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होती. ओरडणं थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की ट्रायल गेली. ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खुशीत होते.

"फायनलला कझाक पोर आहे. डोकं खाली घालून आत शिरते आणि पोटात मारते. भतेरी, तुला काही शिकायला नको, ही तुझीच जात. चिनीला दे सुट्टी. तू आधी लढायचीस तशी लढ. हळू हातानं, हिच्या भुवईला धक्का लागता कामा नये."

भतेरीनं डावा पाय पुढे ठेवला. दोन ठोसे टाकले, आणि मागे सरली.

"मागे नाही, आत!"

पुन्हा दोन ठोसे, पुन्हा मागे. आत शिर म्हणून ती पायांना सांगत होती आणि पाय ऐकत नव्हते.

"चिनी नको गं! तू! तू लढ!"

तिनं दातांवरचं रबर ग्लोव्हवर थुंकून घेतलं.

"येत नाही, सर."

"येत नाही म्हणजे?"

"विसरले."

सरांनी स्टॉपवॉच खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ट्रायल झाली असती, तरी तिथं उभं राहायला भतेरीत उरलं होतं कोण? इतके दिवस जे राखायला ती गप्प बसली होती, ते तर केव्हाच हातचं गेलं होतं. तिला रडू आलं, आणि ग्लोव्ह चढवलेले असल्यानं डोळेही पुसता येईनात.

"सर, जरा बाजूला व्हा," राजवंती म्हणाली.

ती भतेरीसमोर आली आणि वाकली. डावा खांदा पुढे, हनुवटी त्याच्या आड, अर्धी अर्धी पावलं टाकत खालून आत शिरली. भतेरीच्या पोटाला दोनदा नुसता ग्लोव्ह लावला आणि तिसरा खालून वर हनुवटीपाशी आणून थांबवला. राजवंती अशी कधीच लढत नसे.

"हे कोण?" भतेरीनं विचारलं.

"कोण म्हणजे? भतेरी." राजवंतीचा सुजलेला डोळा अर्धाच उघडत होता. "दोन्ही ट्रायलींच्या आधी महिना महिना आरशासमोर हेच करत होते मी. तू आत शिरलीस की कुठं पळू, असं व्हायचं मला. भीतीनं पाठ झालंय."

सरांनी स्टॉपवॉच पुन्हा खिशात टाकलं.

"पुन्हा दाखव," भतेरी म्हणाली.

राजवंतीनं पुन्हा दाखवलं, या वेळी सावकाश. आधी खांदा, मग पाऊल. भतेरीनं रबर दातांवर बसवलं, खांदा पुढे घेतला आणि वाकली.

"अजून," राजवंती म्हणाली. "तू याहून खाली यायचीस."