रविवारी नऊपासून तेवीस

अंगातला कोटही न काढता लेकीने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर नख वाजवलं.

"हे बघा दादा. सोळा डिग्री. भर थंडीत सोळा. दर बुधवारी येते तेव्हा घर असंच गारठलेलं असतं."

हीटरच्या मेकॅनिकने पिशवी खाली ठेवली आणि चष्मा पुसला. आई दोन स्वेटर चढवून सोफ्यावर बसली होती.

"मशीनला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गेल्या आठवड्यात शेजारणीने फोनवर सांगितलं होतं, की रविवारी तुझ्या आईच्या घराची नुसती भट्टी झालेली असते. बुधवारी गारठा, रविवारी भट्टी. मशीनमध्ये बिघाड निघाला तर प्रश्न मिटला. नाही निघाला, तर आईला आता एकटीला झेपत नाही असं समजायचं आणि तिने सामान बांधून लेकीकडे राहायला यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे लेकीने ठरवलं होतं, एक खोलीही रिकामी केली होती. आईने फक्त मान हलवली होती. आणि तरी ही बाई मशीन चांगलं आहे म्हणून सांगत होती.

मेकॅनिकने झाकण काढलं, सेल तपासले, वायरी ओढून पाहिल्या. मग आकडा वर नेला, तसा हीटर लगेच घुरघुरायला लागला.

"ठणठणीत आहे की."

आई स्वेटरची किनार उगाच सारखी करू लागली. तिने घरभर एक नजर फिरवली, ती लेकीला बघवली नाही.

"थांबा जरा." मेकॅनिक थर्मोस्टॅटच्या छोट्या पडद्याजवळ वाकला. "यात आठवड्याचं वेळापत्रक भरलेलं आहे. रोज सोळा. रविवारी सकाळी नऊपासून तेवीस, संध्याकाळी सहाला परत सोळा. छान भरलंय हो. इथे भलेभले हात टेकतात. कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "पुस्तिका वाचून. दोन दिवस गेले."

"रविवारीच का पण?" लेकीने विचारलं.

"बाळ रांगायला लागलं तेव्हा केलं. तूच म्हणाली होतीस, आई, तुझी फरशी फार गार आहे."

"अगं, तो सात वर्षांचा झाला. आणि रविवारी तर आम्ही..."

रविवार पोराच्या पोहण्याच्या क्लासने खाल्ला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"माहितीये मला. विसरले नाहीये," आई म्हणाली. "पण आलातच एखाद्या वेळी, तर घर गार नको."

"आणि बुधवारी? मी येते ना बुधवारी."

"बुधवारी तू कोटही काढत नाहीस गं. अर्ध्या तासासाठी कशाला तापवायचं?"

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. लेकीने कोट काढला आणि दारामागच्या खुंटीला अडकवला.

"मग काय करू?" मेकॅनिकने विचारलं. "सगळे दिवस सारखे करून देऊ?"

"तुम्ही नका. तिचं ती करेल," लेक म्हणाली. "आई, बुधवार घाल त्यात."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. मेकॅनिक बाजूला सरकला. तिने न अडखळता दोन बटणं दाबली आणि बुधवारवर येऊन थांबली.

"चारपासून घालते. किती वाजेपर्यंत?"

लेकीने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"जेवून जाईन."

"म्हणजे नऊ," असं म्हणत आईने नऊ भरले. बोट मात्र तिने बटणावरून उचललं नाही.

"आणि रविवार? काढून टाकू?"

"नको," लेक म्हणाली. "आणि ती खोली मी पोराला देऊन टाकते."