अकरावा सेकंद

"पूर्ण वाक्यात, काका," मी म्हणाले आणि स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

व्हॉल्व्हवाले काका उभे राहिले. प्रश्न सोपा होता, पंप चालू आहे का? ओठ हलत होते, आवाज नव्हता. आठ सेकंद. नऊ. मग एक अचूक इंग्रजी वाक्य बाहेर आलं, धुऊन इस्त्री केल्यासारखं.

"शाब्बास."

"काका, तोवर पंप गंजला की हो," फिटर म्हणाला. सगळे हसले, काकासुद्धा.

फिटरचं इंग्रजी म्हणजे 'पाइप ब्रेक, यू कम, फास्ट.' कंट्रोल रूममधले परदेशी ऑपरेटर ते ऐकून खरंच धावत यायचे. मी मात्र फळ्यावर त्याच्या चुकांच्या रेघा ओढायचे.

"अजून चार ओढा मॅडम, कुंपण पुरं होईल."

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचे. मालक बदलले, वॉकी-टॉकीवर फक्त इंग्रजी असा हुकूम निघाला आणि कामगारांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. महिनाअखेरीस तोंडी परीक्षा. नापास होईल त्याची गोदामात बदली. काकांनी सव्वीस वर्षं वाफेच्या लाइनवर काढली होती. गळती ते कानाने ओळखत.

हुकूम निघाला त्याच दिवशी ते वॉकी-टॉकीवर चुकले होते. त्या वाक्याच्या नकला आठवडाभर कँटीनमध्ये फिरल्या. तेव्हापासून मनात पूर्ण जुळल्याशिवाय ते बोलत नसत.

"डोक्यात सगळं तयार असतं गं पोरी," एकदा वर्ग सुटल्यावर ते म्हणाले. "पण तोंड उघडायच्या आधीच ते हसणं ऐकू येतं. नुसतं येस-नो म्हटलं तर चालेल का?"

"नाही काका. एका शब्दाला शून्य गुण."

त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली.

माझ्या वहीत त्यांच्या चार आठवड्यांच्या नोंदी होत्या. चुका: सात, चार, एक, शून्य. बोलण्याआधीची शांतता: तीन सेकंद, सहा, नऊ, अकरा. पहिली ओळ मी साहेबांना अभिमानाने दाखवली. दुसरी परीक्षेत मोजणार नव्हते.

कंट्रोल रूमची पद्धत मला ठाऊक होती. लाइन उघडण्याआधी, म्हणजे तिच्यात वाफ सोडण्याआधी, ते वॉकी-टॉकीवर विचारत आणि दहा सेकंद थांबत. कुणी हरकत घेतली नाही तर उघडत. हे दोन आकडे मी कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मी नमुना घ्यायला तिसऱ्या लाइनपाशी गेले. काका व्हॉल्व्हजवळ उभे होते. फिटर टाकीमागे, नजरेआड, पाइपाचा जोड उघडून आतली गॅस्केटची चकती बदलत होता. त्याचा वॉकी-टॉकी शिडीपाशी पडला होता.

"काका, झालं की हाक मारतो!" तो आतून ओरडला.

काकांच्या हातातलं यंत्र खरखरलं. "लाइन थ्री, ओपनिंग. एनी ऑब्जेक्शन?"

काकांनी ते तोंडाजवळ नेलं. ओठ हलू लागले. वाक्य जुळत होतं, मला दिसत होतं. मी ओरडायला हवं होतं. मी थांबले. कुणी उत्तर जुळवत असताना मध्ये बोलायचं नाही, हा वर्गातला माझाच नियम होता. शिडीपाशी पडलेल्या यंत्रातून तीच खरखर येत होती. टाकीमागे पाना खणखणला. काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग टाकीमागून सगळं पांढरं झालं.

त्या पांढऱ्यात काकांचा आवाज आला, स्पष्ट, शांत: "द फिटर इज स्टिल वर्किंग ऑन द लाइन."

चौकशीत ध्वनिमुद्रण ऐकवलं. अकरावा सेकंद. वाक्यात एकही चूक नव्हती. चौकशी अधिकारी म्हणाले, "तुम्ही तुमच्या भाषेत सांगा, आम्ही भाषांतर करून घेऊ." काका उभे राहिले, त्यांनी हात जोडले आणि परत बसले. परीक्षा त्यांनी दिलीच नाही. गोदामाचा अर्ज स्वतःच नेऊन दिला.

पुढच्या आठवड्यात मी इस्पितळात गेले. फिटरचे दोन्ही हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत होते. काका स्टुलावर बसले होते. नर्स म्हणाली, "रोज येतात. एक शब्द बोलत नाहीत."

"काका, बोला की काहीतरी," फिटर म्हणाला. "शिव्या घाला हवं तर. चुकलात तर मी आहे."

काकांनी पावाचा लहानसा तुकडा दुधात बुडवला, थेंब गळून जाऊ दिले आणि त्याच्या ओठांशी धरला. तो चावून होईपर्यंत ते त्याच्या गळ्याकडे बघत राहिले, आणि मगच दुसरा तुकडा मोडला.