ध्रुवयानातलं कोकरू

"मेमरी कार्ड लाये क्या चाचा? डाल के देतूं," दुकानदार म्हणाला.

"कार्ड नाय पायजे. डबा पायजे. ध्रुवयानचा."

"कायका यान?"

पुंजारामनं खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. रविवारच्या पुरवणीतून सुनेनं, मोनिकानं, ते कापून दिलं होतं. दूरदर्शनवरची आकाशातल्या जहाजाची जुनी मालिका आता डीव्हीडीवर निघाली होती. तेरा भाग, चार तबकड्या. गुलमंडीतलं हे तिसरं दुकान. आधीच्या दोन्ही दुकानांत आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती.

दुकानदारानं कात्रण उजेडाकडं धरलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे! ये तो हम बी देखते थे, छोटे थे तब. वो डब्बे का आदमी रहता था ना, खटक खटक चलता?"

"लोखंड्या."

"लोखंड्या नई चाचा. आर-सात नाम था उसका."

"तुमी ल्हान होता," पुंजाराम हसून म्हणाला. "तुमाला काय आठवतंय!"

दुकानदार स्टुलावर चढला. वरच्या फळीवरून त्यानं खोका काढला, बाहीनं पुसला. पुंजारामनं तो उलटा केला. मागे भागांची यादी होती. बोट ठेवत ठेवत तो तेरापर्यंत गेला.

"शेवटचा हाय ना ह्याच्यात?"

"सब है. तेरा के तेरा. खुद को देखना है क्या?"

"शेवट राहिला होता बघायचा," पुंजाराम म्हणाला. ते पूर्ण खरं नव्हतं. बघायचा तर सगळाच राहिला होता.

सत्त्याऐंशी साली पुंजाराम पाणीपुरवठ्यात लाइनमन होता. हातात लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवरून फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा. त्या वर्षी पाणी इतकं कमी होतं की एकेका वस्तीला तास-तास वाटून दिलेला होता. त्याला तेव्हा रविवारची सुट्टीही नव्हती. सकाळी दहाला ध्रुवयान लागायचं. अख्खं गाव टीव्हीपुढं बसलेलं असायचं आणि पुंजाराम रिकाम्या रस्त्यातून सायकल हाणत असायचा.

छावणीजवळच्या एका गल्लीत त्यांची भाड्याची खोली होती. गल्लीत टीव्ही एकच, केसरबाईंच्या घरी. लग्नाला वर्ष झालं होतं. पहिल्या भागाच्या दिवशी निघताना पुंजाराम बायकोला म्हणाला होता, "म्हाळसा, केसरवहिनीकडं जाऊन बस. नीट बघ अन् मला सांग."

दुपारी तो घरी आला, जेवायला बसला आणि म्हाळसानं सांगायला सुरुवात केली. ती पाचोडकडची, मेंढपाळाच्या घरातली. वडिलांच्या मेंढरांमागं हिंडून मोठी झालेली. शाळा तिनं लांबून पाहिलेली. पण सांगायला लागली की पुंजारामचा घास हातात राहायचा. जहाजात सात माणसं होती. त्यांच्याबरोबर लोखंड्या होता, त्याचे गुडघे वाजायचे आणि त्याला सगळे रागवायचे. आणि एक कोकरू होतं. कुणीतरी चोरून जहाजात आणलेलं. संकट यायचं असलं की माणसांच्या आधी ते ओरडायचं.

"तिथं आभाळात कोकराला खायला काय घालतात?" पुंजारामनं विचारलं होतं.

"ते पुढच्या भागात सांगणार हायेत," म्हाळसा म्हणाली होती.

बारा रविवार असे गेले. तेराव्या रविवारच्या आदल्या दिवशी पुंजारामच्या कामावरच्या जोडीदारानं दांडी मारली. शनिवारी दुपारपासून सलग काम करून पुंजाराम रविवारी दुपारी घरी आला. म्हाळसानं ताट वाढलं आणि सांगायला लागली. जहाज एका कोरड्या ग्रहावर उतरलं होतं. निघायची वेळ झाली आणि कोकरू दिसेना. कप्तान म्हणाला, थांबता येणार नाही. जहाज उडालं. खाली बघितलं तर कोकरू वाळूत उभं. लोखंड्या कप्तानाला म्हणाला...

तिथं पुंजारामला झोप लागली. भिंतीला टेकून, हात खरकटा तसाच.

जागा झाल्यावर त्यानं विचारलं. म्हाळसा चिडली होती. "संपलं ते. जागायचं होतं." मग राग गेला, तरी सांगितलं नाही. पुढं तो खेळच झाला. पोरगा झाला, शहराच्या कडेला सातारा परिसरात रो-हाउस झालं, पुंजाराम रिटायर झाला. मधेच कधीतरी तो विचारायचा, "जहाज माघारी फिरलं का गं?" ती म्हणायची, "सांगंल कवातरी." मागच्या पौषात दवाखान्यातसुद्धा त्यानं विचारलं. नळ्या लावलेल्या होत्या तरी ती हसली. "अजून तिथंच हाव का तुमी?" म्हणाली. चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून पुंजारामला एकच लागून राहिलं होतं. बाकी सगळं तिनं निरवून ठेवलं होतं, धान्याला पाला कुठला घालायचा इथपर्यंत. हे तेवढं राहिलं. तिचं शेवटचं बोलणं त्या तेराव्या भागात अडकलंय, असं त्याला वाटायचं.

डबा आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरगा वाळूजला कामावर गेल्यावर, मोनिकानं माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर काढला.

"शेवटचाच लावू का मामा?"

"नाय. पहिल्यापासून. शिस्तीनं."

जहाज दिसलं. पुठ्ठ्याचं वाटत होतं. माणसं चंदेरी कपड्यांत होती आणि शुद्ध हिंदीत बोलत होती. मोनिकाला हसू येत होतं, पण सासऱ्याकडं बघून तिनं तोंडाला पदर लावला. यंत्रमाणूस आला. सगळे त्याला अदबीनं आर-सात म्हणत होते. त्याला कुणी रागवत नव्हतं.

मग लाल दिवा लागला आणि जहाजात भोंगा वाजायला लागला. बेंऽ, बेंऽ, बेंऽ. पुंजाराम ताठ बसला.

"आता बघ. कोकरू येईल."

कोकरू आलं नाही. भोंगा बंद झाला, माणसं बटणं दाबत राहिली.

दोन दिवस पुंजाराम बघत राहिला. जेवण तिथंच. प्रत्येक भागात भोंगा वाजायचा आणि प्रत्येक वेळी तो पुढं सरकायचा. तेराव्या भागात जहाज पृथ्वीवर परत आलं. सातही जणांच्या गळ्यात हार पडले. नावं वर सरकायला लागली.

"कापलंय ह्यांनी," पुंजाराम म्हणाला. "डब्यात भरताना कोकराचं कापलं."

"मामा, असं कसं कापतील?" मोनिका हळूच म्हणाली. "सगळ्याच भागातलं?"

पुंजारामनं टीव्ही बंद केला. चप्पल घातली आणि बस धरून छावणी गाठली.

केसरबाई आता ऐंशीच्या घरात होत्या. दारातच खाटेवर बसलेल्या. "या भावजी. लई वाळलाव. सून जेवू घालती ना? का म्हाळसाच्याच हातची सवय?"

"घालती वहिनी. एक विचारायचं होतं. ध्रुवयान आठवतं का? तुमच्याकडं म्हाळसा बघायला यायची."

"बघायला?" केसरबाईंनी डोळे बारीक केले. "ती कधी बसली बघायला?"

"दर रविवारी. दहाला."

"अवं, दहाला नळ नव्हता का यायचा आपल्या गल्लीला? तुमीच तर सोडत होता."

पुंजारामला आठवलं. सोडत तोच होता. गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलून, चावी फिरवून तो पुढच्या वस्तीकडं निघून जायचा.

"एरवी त्या नळावर मारामाऱ्या," केसरबाई म्हणाल्या. "पण त्या टायमाला सगळ्या बाया माझ्या घरात. बघू मग भरू म्हणायच्या. नळावर चिटपाखरू नाय. म्हाळसानं बरोबर हेरलं. आमचं बघून होईस्तोर तिचं हंडा-कळशी सगळं भरून व्हायचं. माझापण एक हंडा भरून ठेवायची."

"मग ती मला सांगायची ते?"

"नळ माझ्या खिडकीखालीच की. हंडा भरोस्तोर आवाज ऐकत उभी राहायची. मी म्हणायची, अगं ये आत. तर म्हणायची, नको वहिनी, लाइन लागंल. मग आम्हाला विचारायची, ते मशीनचं माणूस कसं दिसतं? आम्ही काय, दोन वाक्यांत सांगायचो."

"मला कधी बोलली नाय."

"मी म्हणलं होतं तिला, खरं सांग की नवऱ्याला. म्हणाली, त्यांना वाटतंय मी बसून बघते. वाटू द्या. तेवढंच बरं वाटतं त्यांना."

पुंजाराम खाटेच्या कडेला बसला. अर्ध्या शहराला पाणी सोडलं त्यानं, पण घरात हंडे भरलेले असतात ते कोण भरतं, कधी भरतं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. हंडे भरलेले असायचे. तो तांब्या बुडवून प्यायचा.

"वहिनी, शेवटच्या भागाच्या दिवशी तिनं काय ऐकलं, काही बोलली का तुमाला?"

"शेवटचा?" केसरबाई हसल्या. "त्या दिवशी लाइट गेलती. नऊ वाजल्यापासून. आम्हीपण नाय बघितला. बायांनी किती शिव्या घातल्या लाइटवाल्यांना!"

म्हणजे त्या दिवशी खिडकीतून तो भोंग्याचा बेंऽ आवाजसुद्धा आला नव्हता. ताट वाढून तिनं जे सांगितलं, ते सगळं तिचं होतं. वाळू तिची, कोकरू तिचं, आणि लोखंड्या जे बोलला तेही.

"तुमच्या डब्यात हाय का शेवट?" केसरबाईंनी विचारलं. "काय झालं त्यांचं?"

"आले सगळे घरी. हार घातले त्यांना."

"बरं झालं बाई," केसरबाई म्हणाल्या. "इतकी वरसं जिवाला घोर होता."

तो परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. कोपऱ्यावरच्या काळ्या टाकीत टँकर रिकामा होत होता आणि टाकीच्या नळापुढं बायकांची रांग लागली होती. मोनिका हंडा आणि कळशी घेऊन घराबाहेर पडत होती.

"दे इकडं."

"मामा, काहीतरीच काय! सून घरात अन् सासरा नळावर. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तू टीव्ही बघत बस."

तिला काही कळलं नाही, पण त्याच्या तोंडाकडं बघून तिनं हंडा सोडला. पुंजाराम रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. एक म्हणाली, "बाबा, तुमी व्हा म्होरं. म्हातारं माणूस, उभं किती राहणार?"

"नाय पोरी. नंबरानंच भरतो."

टाकीशेजारच्या घराची खिडकी उघडी होती. आत टीव्ही चालू होता. इथून नुसता आवाज यायचा. कुणीतरी दार लावलं. भांडं पडलं. मग एक बाई बोलायला लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज तुटत गेला. पुंजारामनं मान तिकडं केली, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. ती रडत होती की हसत होती, त्याला काही केल्या ठरवता येईना.

रांग सरकली. त्यानं हंडा उचलून एक पाऊल पुढं ठेवला.