आपोआप काहीच होत नाही

सितारामचा पहिला फटका योगीराजच्या तोंडावर बसला आणि दुकानाच्या फरशीवर रक्ताबरोबर एक दात पडला. अर्पिता आतल्या खोलीत राणीला पाजत होती. ओढणी सावरत ती बाहेर आली तोवर चौघांनी तिच्या नवऱ्याला पूर्णेच्या भर बाजारात जीपमध्ये कोंबलंही होतं.

आदल्या दिवशी चुडाव्यात सितारामच्या थोरल्या भावाचा, दत्तरावचा, हात कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेला होता. लाईट गेलेली होती, मशीनच्या तोंडाशी कडबा अडकलेला. तो काढायला दत्तरावनं हात आत घातला, तेवढ्यात लाईट आली आणि मशीन आपोआप सुरू झालं. कोपराखाली काही उरलं नाही. त्या मशीनची स्टार्टरपेटी योगीराजच्या दुकानातली होती, आणि पेटीतला प्रोग्राम अर्पितानं लिहिलेला.

राणीला सासूच्या मांडीवर टाकून ती जीपमध्ये चढली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. पेटी आपोआप मशीन चालू करतच नाही, हे तिनं वाटेत परत परत सांगितलं. सितारामनं मागं न वळता उत्तर दिलं, की हाताच्या बदल्यात हात घेतल्याशिवाय आज कुणी घरी जाणार नाही.

योगीराज तिच्या कानाशी आला. फुटलेल्या ओठांतून नीट शब्द फुटत नव्हते.

"तुझ्या प्रोग्रामात चूक राह्यली म्हन. लेकुरवाळ्या बाईला हात लावनार न्हाईत ते."

"पण चूक न्हाई ना."

तो बाहेर बघायला लागला.

चूक नाही हे ती राणीच्या डोक्यावर हात ठेवून सांगू शकली असती. प्रोग्राम तिनं सी भाषेत लिहिला होता, एका हातानं पाळण्याची दोरी ओढत, पोर झोपलेलं असेल तेवढ्या वेळात. योगीराज चिडवायचा, की सगळं आपसूक सांभाळणाऱ्या इतक्या नव्या भाषा आल्या आणि तू आपली या म्हातारीला धरून बसलीस. पण तिला त्या म्हातारीचा स्वभावच आवडायचा. नियम मोजके. वरून खाली वाचत जावं, एकामागं एक काम. लिहिलं तेवढंच होणार, पाठीमागं कुणी लपून काही करणार नाही. मेमरीतली जागा मागून घेतली तर परत आपणच करायची. काही बिघडलं तर आरडाओरडा नाही. बिघडलंय एवढं ती तुमच्या हातात आणून ठेवणार, पुढचं तुम्ही बघा. लिहिणाऱ्याला ती शहाणा धरून चालते. उद्या तुम्ही विहिरीत उडी मारतो म्हणालात तरी ती हात धरायची नाही.

म्हणूनच अर्पितानं अगदी वर लिहून टाकलं होतं: लाईट आली की मोटर बंद. खाली लिहिलं: हिरवं बटण दाबलेलं दिसलं, तरच चालू. गावोगावी सगळ्यांना पंपासारखं 'ऑटो' हवं असायचं. माणूस झोपेत असला तरी लाईट आली की मोटर सुरू. पंपाला ते चालतं, पात्यांच्या मशीनला चालायचं नाही, यावर ती हटून बसली होती.

दत्तरावच्या गोठ्यात कुट्टीवर सांडलेलं रक्त वाळून काळं झालं होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. दत्तरावची बायको वच्छलाबाई कोपऱ्यात उकिडवी बसली होती, डोळे कोरडे. लाईट नव्हती. दोघांनी योगीराजला गुडघ्यांवर पाडलं. सितारामनं त्याचा उजवा हात मशीनच्या तोंडात कोंबला आणि दंडावर आपला गुडघा रोवला.

"बसा आता. लाईट येऊ द्या."

योगीराज गुरासारखा ओरडायला लागला. अर्पितानं सितारामचा खांदा धरला.

"सितारामभाऊ, लाईट आली तरी ते चालू व्हनार न्हाई. बटण दाबल्याबिगर न्हाईच."

"एवढा भरोसा हाय, तर तुझा हात घाल की, बाई."

तिनं घातला. सितारामचा गुडघा ढिला पडला तसं योगीराजला ढकलून, बांगड्यांसकट, मनगटाच्या वर. बोटांना पातं लागलं, गार आणि चिकट. सिताराम क्षणभर थबकला, मग त्यानं तिचाच दंड घट्ट पकडला. तिनं डोळे मिटून ओळी आठवल्या, पहिलीपासून. कुठंही भोक नव्हतं.

"अर्पिता, काढ." योगीराज जमिनीवरून बोलला. "तार हाय. हिरव्या बटणामागं म्या तार जोडलीय. ऑटो करून दिलंय त्यांना."

म्हणजे बटण कायमच दाबलेलं. लाईट आली की प्रोग्राम बघणार, दाबलेलं आहे, आणि चालू करणार. लिहिलेलं तेवढंच, अक्षरभरही जास्त नाही. मधे कधी बोट उचललं होतं का, हे प्रोग्रामात तिनं विचारलंच नव्हतं. भाषेनं तिला शहाणं धरलं होतं, आणि तिनं बटण दाबणाऱ्याला.

तिनं हात ओढला. सितारामची पकड सुटेना. त्यानं ऐकलं होतं सगळं. पण चढलेल्या रागाला उतरायला वाट नव्हती. योगीराजकडं बघत त्यानं तिचा हात आणखी आत रेटला.

"मंग बघ आता तू."

वच्छलाबाई कधी उठली कळलं नाही. विळ्याची मूठ तिनं दिराच्या मनगटावर हाणली. त्याची बोटं सुटली, अर्पिता मागं कोसळली, आणि लाईट आली. मशीन खाडकन सुरू झालं. आत पडलेले बांगड्यांचे तुकडे कडब्याबरोबर पलीकडं उडाले.

"ती तार म्या मागितली व्हती, भावजी," वच्छलाबाई मशीनच्या आवाजावर चढून म्हणाली. "पहाटं उठून बटण दाबायचा कटाळा यायचा. ह्याला म्याच म्हनले, कर बाबा आपोआप. तुमच्या भावाला ठावंबी न्हाई."

सितारामनं भिंतीला टेकवलेली पहार उचलली. वहिनीकडं बघितलं. थोरल्या वहिनीवर हात टाकणं त्याच्यानं झालं नसतं. पहार योगीराजच्या मनगटावर उतरली, एकदा, आणि हाड मोडल्याचा आवाज त्या घरघरीतही सगळ्यांना ऐकू आला.

अर्पितानं मेन स्विच खाली पाडला. पेटी उघडून तार उपटली आणि वच्छलाबाईच्या पायाशी टाकली. सिताराम पहार धरून तसाच उभा राहिला; त्याच्या माणसांतल्याच एकानं जीप काढली.

दवाखान्याच्या वाटेवर योगीराजचा हात तिच्या मांडीवर होता, तिच्याच ओढणीत बांधलेला. दुसऱ्या टोकानं ती त्याचं तोंड पुसत होती, राणीचं पुसावं तसं, हलक्या हातानं.

"आणिक कुठं कुठं जोडली?"

"लय दुखायलंय गं."

"दुखनारच. कुठं कुठं?"

त्यानं डोळे मिटले. "देवगाव फाट्याला, माणिकरावांकडं. मंग वैजीनाथकडं..."

माणिकरावांचा नंबर तिनं त्याच्याच फोनवरून लावला. म्हातारा खुशीत होता. आत्ताच लाईट आली आणि मशीन कसं बसल्याजागी सुरू झालं, ते सांगायला लागला.

"काका, मशीनपाशी कोन हाय?"

सून आहे, तो म्हणाला.

"तिला बाजूला व्हा म्हना आन् मेन स्विच पाडा. आधी पाडा, मंग बोलते."

तो कुणाला तरी हाका मारत गेला. फोनमधून घरघर येत राहिली, मग बंद पडली. अर्पितानं मोडलेला हात मांडीवर नीट सरकवून घेतला आणि वैजीनाथचा नंबर विचारला.